कॉलेजच्या बास्केटबॉल टीमचे पहिले पाच कसे काढायचे? सरांनी माह्यावर सोडलं

खारपाण_कप्तान

राजेहो, जरा डोकं लावा माह्यासाठी. आमचं कॉलेज अकोट-दर्यापूर पट्ट्यात आहे, तालुक्याच्या गावचं, नाव नाही सांगत. विद्यापीठाची इंटर कॉलेज तोंडावर आली अन् यंदा बास्केटबॉलची टीम पाठवून राह्यलो. आमचे सर मूळचे कबड्डीवाले, ते म्हणते बास्केटबॉल तुले माह्यापेक्षा जास्त समजते, कॅप्टन तू आहे, पह्यले पाच तूच ठरव, मी शीटवर सही करतो. आता मले खेळता येते बाप्पा, पण कोणाले उभं करायचं अन् कोणाले बसवायचं हे काही कोणी शिकवलं नाही.

एकूण नऊ जण आहोत. नावं टाकत नाही, आमच्या ग्रुपवरच्या कोणी वाचलं तं लफडं होईन. मी स्वतः गार्ड, म्हणजे बॉल पुढे नेणारा, पाच फूट सात, शाळेपासून खेळतो, बॉल सांभाळता येते. मंग एक शूटर आहे, बारावीपर्यंत अकोल्याले होता, तिथं चांगल्या कोर्टवर खेळला, थ्री (लांबून तीन पॉइंटची) पडते त्याची, पण डिफेन्सच्या वक्ती असा उभा राह्यते जसा एसटीची वाट पाहून राह्यला. एक व्हॉलीबॉलवाला, सहा फूट दोन इंच, उडी खतरनाक. एक कबड्डीवाला, कव्हरले खेळते (रेडरले पकडणाऱ्याईत), पायात दम आहे, समोरच्याले हलू देत नाही, पण हात लावल्याशिवाय त्याले जमतच नाही, प्रॅक्टिसमधी कोणाचं ना कोणाचं मनगट धरते म्हणजे धरतेच. एक हँडबॉलवाला, फास्ट आहे, पास बंदुकीच्या गोळीवाणी जाते, पण बॉल हातात आला की चालू लागते, रेफ्री शिट्टी मारून मारून थकीन. एक खोखोवाला फर्स्ट इयरचा, दिवसभर पळवा दमत नाही, पण रिकाम्या बास्केटखाली लेअप (पळत येऊन जवळून टाकायचा बॉल) सोडते. अन् एक फायनल इयरचा माह्या दोस्त, सगळं थोडं थोडं येते त्याले, तीन साल टीममधी आहे, त्याले बसवलं तं तो बोलणार नाही काही पण तोंड पाडून बसीन. त्यात त्याच्या घरी सोयाबीन सोंगणीले आलं, हप्ताभर प्रॅक्टिसले आलाच नाही. बाकी दोन पोट्टे अगदीच नवे.

आमच्या कोर्टची एक गोष्ट सांगून ठेवतो म्हणजे समजीन आम्ही कसे खेळतो. काळ्या मातीवर सिमेंट टाकलं, तं उन्हाळ्यात जमीन फाटली अन् फ्री थ्रो लाइनपासून डाव्या कोपऱ्यापर्यंत भेग पडली, बोट जाते आत. त्या भेगेवर बॉल पडला की कुठं जाईन सांगता येत नाही, म्हणून आमच्या टीममधी डाव्या बाजूनं कोणी ड्रिबलच करत नाही, सगळे पास टाकतात. एका रिंगले जाळी आहे, एकीले नाही.

तं प्रश्न असा, पाच जण कसे काढू? जे सगळ्यात चांगले खेळतात थे वरचे पाच? का उंचीनं? का एखादा चांगला मुद्दाम बसवून ठेवावा? कोणी खेळलेलं असन तं सांगा. टाइमपास नको.

तर्री_मारके

उंच उंच पाच उभे करा, बाकीचे पाणी पाजायले. झालं.

अन् टीममधी संस्थेच्या अध्यक्षाचा पुतण्या-बितण्या नाही का कोणी? असला तं त्याची जागा पक्की समजा, तुले चारच निवडा लागते.

खारपाण_कप्तान

टाइमपास नको म्हटलं ना भौ. पुतण्या क्रिकेटमधी आहे.

संत्रा_बागवाला

मी तुह्याच विद्यापीठातून खेळलो, जुनी गोष्ट झाली, आता वरुडकडे संत्र्याची बाग पाहतो, पण संध्याकाळी अजूनही पोट्ट्याईसंगं रिंगखाली जातो.

पह्यलं काम कर, नऊ जणाईची चांगला-वाईट अशी लाइन लावून वरचे पाच उचलायचं डोक्यातून काढ. मॅच चाळीस मिनिटाची, दहा-दहाचे चार क्वार्टर, मैदानात पाच, म्हणजे तुह्याजवळ २०० मिनिटं आहेत वाटाले. बास्केटबॉलमधी बदली किती बी वेळा करता येते, खेळ अन् घड्याळ थांबलं की झालं, बाहेर गेलेला माणूस परत आत येते. तू शूटरले २८ देशीन, स्वतः ३४ खेळशीन, नव्या पोट्ट्याईले चार-चार देशीन, असा हिशोब कागदावर मांड. तो हिशोब बसला की सुरवातीले कोण उभा राहीन हे अर्धं आपोआप निघते.

आता खरी गोष्ट. अमरावती-अकोल्याच्या टीमनं तुमचे बूट पाह्यले, जर्सी पाह्यली की त्याईले समजते पोट्टे तालुक्याचे आहेत, अन् पह्यल्या मिनिटापासून फुल कोर्ट प्रेस लावतात, म्हणजे पूर्ण मैदानभर अंगावर येतात. बॉल आत आला की आठ सेकंदात अर्धी लाइन ओलांडा लागते. तुह्या अंगावर दोन जण येतीन, तुह्याजवळून बॉल कोणाकडे जाईन? इथंच गावच्या टीमची मॅच जाते, स्कोअर १४-२ होते अन् मंग पोट्टे एकमेकाईवर वरडतात. म्हणून सुरवातीच्या पाचात बॉल सांभाळणारे दोन पाह्यजेच पाह्यजे, एक नाही. तुह्या वर्णनावरून दुसरा मले हँडबॉलवाला दिसते. त्याचं चालणं मले समजते, हँडबॉलमधी तीन पावलं चालतात, इथं बॉल पकडल्यावर दोन. त्याले सांग, प्रेसमधी तुले ड्रिबल करायचाच नाही, बॉल आला की दोन्ही पाय जमिनीवर टेकव, थांब, अन् समोर फेक. त्याचा पास जोरदार आहे म्हणतो ना तू, मंग अर्ध्या कोर्टाच्या पल्याड खोखोवाल्याले उभा ठेव पळाले. तुमच्या त्या भेगेनं तुमाले पास टाकायले शिकवलं, ते प्रेसच्या वक्ती कामी येईन, शहरातले पोट्टे ड्रिबल करू करू मरतात.

शूटरले सुरवातीलेच घे. तो डिफेन्स करत नाही हे मी ऐकलं, पण त्याले कोपऱ्यात उभा केला की त्याचा माणूस त्याले सोडून आत येऊ शकत नाही, तेवढी जागा तुले लेअपले मोकळी होते. हिशोब साधा आहे, थ्रीच्या दहात तीन पडल्या तरी नऊ पॉइंट, अन् तुमचे बाकीचे जवळून दहात चार टाकतात तं आठच. डिफेन्सले टू-थ्री झोन लाव, म्हणजे माणूस नाही जागा सांभाळायची, दोन वर अन् तीन रिंगखाली, वर तू अन् शूटर, बॉल तुह्या बाजूनं जाईन असं पाय, त्याले कमी पळा लागीन.

व्हॉलीबॉलवाला झोनच्या मधात. एक खोड असते या व्हॉलीबॉलवाल्याईले, बॉल दिसला की थापटतात, पकडत नाहीत. आपल्या रिंगखाली हे लय महाग पडते, थापटलेला बॉल समोरच्याच्याच हातात जाते. त्याले आजपासून एकच काम दे, कोणी तरी बोर्डवर बॉल मारत राह्यचा अन् यानं वर जाऊन दोन्ही हातानं ओढून हनुवटीखाली आणायचा, कोपरं बाहेर. समोरच्या रिंगखाली थापटला तं चालते, तुह्याकडे थापट म्हणा, तिथून परत १४ सेकंद भेटतात.

कबड्डीवाल्याले मी बसवतो. पाच फाउल झाले की माणूस मॅचमधून गेला, अन् हा तं पह्यल्या पाच मिनिटात दोन करीन. दुसऱ्या क्वार्टरले आण.

खारपाण_कप्तान

भाऊ लय भारी. २०० मिनिटाचं डोक्यात नव्हतं. पण कबड्डीवाल्याले बसवलं तं सर नाराज होतीन, सरांचा पट्टशिष्य आहे तो. अन् खरं सांगू का, त्याच्याशिवाय आमच्यात कोणी कोणाले अडवतच नाही.

आश्रमशाळा_पीटी

मी धारणीकडे आश्रमशाळेत खेळ शिकवते, अमरावतीला बीपीएड केलं, मुलींच्या टीममध्ये फॉरवर्ड खेळायचे. वरच्या दादांचं बरंचसं पटलं, पण कबड्डीवाल्याच्या बाबतीत माझं उलटं मत आहे. त्याला सुरुवातीलाच उतरव.

कारण बघ. टीमचे फाउल प्रत्येक क्वार्टरला शून्यापासून मोजतात. एका क्वार्टरचे पहिले चार फाउल होईपर्यंत, समोरचा शूट करत नसेल तर, नुसता साइडने बॉल मिळतो त्यांना, फ्री थ्रो (लाइनवरून कोणी न अडवता टाकायचा बॉल) नाही. पाचव्यापासून दोन-दोन फ्री थ्रो. म्हणजे फाउल सगळ्यात स्वस्त कधी असतो? क्वार्टर सुरू झाल्या झाल्या. तुम्ही त्याला मधात आणला अन् तोवर टीमचे चार झालेले असले तर त्याने नुसतं मनगट धरलं की समोरचा थेट लाइनवर. त्यापेक्षा त्याला पहिल्या मिनिटापासून त्यांच्या सगळ्यात चांगल्या गार्डच्या अंगावर सोड. त्या गार्डला पहिल्या पाच मिनिटांत समजू दे की आज मोकळं फिरता येणार नाही. दोन फाउल झाले की लगेच बाहेर काढायचा, तिसऱ्याची वाट नाही बघायची. मग तुझा दोस्त आत येतो.

आणि त्याची हाताची सवय मोडता येते रे. माझ्याकडे कोरकू मुलं येतात, त्यांनाही पकडायची सवय असते कबड्डीमुळे. मी दोन्ही हातात टेनिसचे बॉल देते अन् तसंच डिफेन्स करायला लावते. मूठ बंद, धरणार कशाने? पहिल्या दिवशी चिडतात. मग पायानं अडवायला लागतात, अन् कबड्डीच्या कव्हरवाल्याचे पाय तर तयारच असतात, आडवं सरकणं, कमरेत वाकून राहणं हे शिकवावं लागत नाही. तो टीममधला तुझा सगळ्यात मोठा फायदा आहे, तू त्याला दोष म्हणून मोजतोय.

दुसरं, निवडायच्या आधी फ्री थ्रो मोज सगळ्यांचे. नुसते उभं राहून नाही. आधी लाइन टू लाइन पळव, धाप लागली की लगेच दहा टाकायला लाव अन् वहीत लिही. शॅकिल ओ'नील एवढा मोठा खेळाडू, पण त्याचे फ्री थ्रो निम्म्याच्या जरा वर पडायचे, तर समोरच्या टीमा त्याला मुद्दाम फाउल करायच्या. मॅचच्या शेवटी दोन पॉइंटने पुढे असाल तर तुमच्याही बाबतीत तेच होणार. त्यामुळे सुरुवातीचे पाच वेगळे अन् शेवटच्या तीन मिनिटांचे पाच वेगळे असू शकतात, आणि शेवटचे पाच जास्त विचार करून काढ. खोखोवाला लेअप सोडतो म्हणतोस, त्याचे फ्री थ्रो बघितलेस का कधी? पळणाऱ्या पोरांचा हात उभं राहून कधी कधी एकदम शांत असतो.

तिसरं, तुम्ही नऊ जण, म्हणजे पाच-पाच होत नाही. एक माजी विद्यार्थी बोलाव किंवा मुलींच्या टीममधली एखादी घे, लाजू नको, आमच्या मुली मुलांमध्ये खेळायच्या. मुलांचा बॉल सात नंबरचा असतो, मुलींचा सहाचा, पण चालतं प्रॅक्टिसला. रोज गट बदल अन् सात-सात पॉइंटचे छोटे गेम लाव. कोण जिंकलं एवढंच लिहून ठेव, कोणी किती टाकले ते लिहूच नको. चार-पाच दिवसांत दिसेल की एखादा मुलगा बॉलला फारसा हात लावत नाही, पण तो ज्या बाजूला असतो ती बाजू जिंकते. तो मुलगा पहिल्या पाचात. बहुतेक तुझा दोस्तच निघेल बघ, सगळं थोडं थोडं येणारी मुलं अशीच असतात.

नागपुरी_हूप्स

तुम्ही लोक लय जुन्या पद्धतीनं विचार करून राह्यले. सहा-दोनवाला व्हॉलीबॉलवाला बॉल पकडत नाही तं त्याला खेळवताच कशाला? स्मॉल बॉल खेळा ना, म्हणजे उंच सेंटर काढून पळणारे पाच. २०१५ ची एनबीए (अमेरिकेची प्रो लीग) फायनल पाहा. गोल्डन स्टेट क्लीव्हलँडकडून १-२ नं मागे होती, चौथ्या मॅचला त्यांचा कोच स्टीव्ह करनं आपला सेंटर अँड्र्यू बोगट बसवला अन् आंद्रे इग्वोडालाला पहिल्या पाचात टाकलं. त्या सीझनला रेग्युलर मॅचेसमध्ये इग्वोडाला एकदाही सुरुवातीपासून खेळला नव्हता, दरवेळी बेंचवरून आला. त्यानंतर ओळीनं तीन मॅच जिंकले, कप उचलला, अन् फायनलचा एमव्हीपी, म्हणजे सगळ्यात भारी खेळाडू कोण? इग्वोडालाच. ड्रेमंड ग्रीन सेंटर खेळला, उंची साडेसहा फुटाच्या आसपास, एनबीएच्या सेंटरच्या मानानं काहीच नाही.

तुमचा कबड्डीवाला सेंटर करा, बाकी चार पळणारे. समोरचा उंच सेंटर धावू धावू मरते.

संत्रा_बागवाला

@नागपुरी_हूप्स गोष्ट खरी आहे पण अर्धी सांगितली तू. ते चाललं काऊन, तं बाहेर करी अन् थॉम्पसन हे त्याईचे शूटर उभे होते, त्याईले एक फूट सोडला की थ्री. याच्या टीमले शूटर एक. चार जण बाहेर उभे केले अन् तिघाईची पडतच नाही, तं समोरचे पाचही जण रिंगखाली येऊन बसतीन, मंग कुठं पळतं? अन् एनबीएची मॅच ४८ मिनिटाची, फाउल सहा, तिथला हिशोब इकडे जसाच्या तसा बसत नाही.

पण त्यातली एक गोष्ट कप्तानाच्या कामाची आहे. इग्वोडाला आधी सगळीकडे सुरवातीपासूनच खेळणारा माणूस होता, या टीममधी त्याले बेंचवर बसवला तं तो गुमान बसला. मनू जिनोबिली पाहा, अर्जेंटिनाले २००४ च्या ऑलिम्पिकचं सोनं मिळवून देणारा माणूस, एनबीएच्या स्पर्स टीममधी कितीक सीझन बेंचवरून आला. तुह्या दोस्ताले हे सांग. पण सांगायचं प्रॅक्टिसमधी, दोघंच असताना, मॅचच्या दिवशी शीट भरताना नाही. अन् नुसतं बस म्हणू नको, काम दे, दोन फाउल झाले की कबड्डीवाल्याच्या जागी तू, मी दमलो की बॉल तुह्या हातात. माणसाले आपण कधी उठणार हे माहीत असलं तं तोंड पाडून बसत नाही.

मॅडमचं फाउलचं गणित मले पटलं. कबड्डीवाल्याचं मी माघार घेतो, उतरव त्याले, पण टेनिस बॉलची प्रॅक्टिस करूनच.

रिटायर्ड_गुर्जी

तुमच्या चर्चेत मध्येच बोलतो, माफी असावी, मी खोखोचा माणूस. कप्तान, तुम्ही कोर्टच्या भेगेचं लिहिलं म्हणून आठवलं. बास्केटबॉल ऑलिम्पिकमध्ये पहिल्यांदा आला १९३६ साली, बर्लिनला. आणि फायनल झाली कुठे? उघड्यावर, मातीच्या कोर्टवर, भर पावसात. चिखलात बॉल उसळेना, ड्रिबल करता येईना. अमेरिकेनं कॅनडाला हरवलं १९-८ असं, दोन्ही टीमांचे मिळून २७ पॉइंट. आज कॉलेजची पोरं एका क्वार्टरला एवढे करतात. हा खेळ ज्यांनी १८९१ मध्ये काढला ते नेस्मिथ सर तिथे हजर होते म्हणतात, त्यांना काय वाटलं असेल देव जाणे.

आणि त्याच बर्लिनला आपल्या अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची मंडळी गेली होती, कबड्डी आणि आपले देशी खेळ दाखवायला. म्हणजे कबड्डी आणि बास्केटबॉल एकाच ऑलिम्पिकला आजूबाजूला होते, तुमच्या टीममध्ये आता पुन्हा शेजारी उभे राहणार आहेत.

निवडीचं म्हणाल तर मला खोखोच्या पोराबद्दल सांगायचं आहे. त्याला सुरुवातीला अजिबात उतरवू नका. पाठलाग करणाऱ्याची गंमत समोरचा दमल्यावर असते. दुसऱ्या क्वार्टरच्या मध्यात त्याला सोडा, तोवर त्यांचे गार्ड तुमच्या कबड्डीवाल्याशी झोंबून अर्धे झालेले असतील. लेअप सोडतो ते वेगामुळे, रिंगखाली येताना शेवटची दोन पावलं लहान टाकायला शिकवा, खांबाला वळताना टाकतो तशी. खांबाचं म्हटलं की त्याला लगेच कळेल.

तर्री_मारके

गुर्जी एक नंबर. मी आपला शब्द मागे घेतो, उंच उंच पाच नको.

आश्रमशाळा_पीटी

गुरुजींचं खांबाचं मी उद्याच वापरते माझ्या मुलांवर.

कप्तान, एक कागदी गोष्ट, कारण तुमचे सर कबड्डीचे आहेत म्हणून त्यांनाही सांग. मॅचच्या दहा मिनिटं आधी कोचने शीटवर नावं बघून सही करायची असते अन् तेव्हाच पहिले पाच सांगायचे असतात, स्कोअरर त्या पाचांपुढे गोल करतो. एकदा सांगितले की दुखापत झाल्याशिवाय बदलता येत नाहीत. तुझा सोयाबीनवाला दोस्त त्या दिवशी गावावरून येणार असेल अन् एसटीचा भरवसा नसेल तर त्याला पहिल्या पाचात टाकूच नको. पण नाव शीटवर घालायला विसरू नको, नाव असलं की मॅच सुरू झाल्यावर आला तरी खेळता येतं. आमची एक मुलगी अशीच तिसऱ्या क्वार्टरला पोचली, पिशवीसकट कोर्टाच्या कडेला, अन् खेळली.

बारावी जागासुद्धा रिकामी ठेवू नका, बारा जण चालतात, तुम्ही नऊच आहात. चालायला येणारी तीन मुलं अजून शोध. दोघं पाच-पाच फाउलनं गेले अन् एकाचा पाय मुरगळला की सहावर येता.

खारपाण_कप्तान

सगळ्याईचे आभार, एवढं कोणी लिहीन असं वाटलं नव्हतं. दोन दिवस ताईनं सांगितल्यासारखं केलं. आमच्या कॉलेजचा जुना एक खेळाडू कृषी केंद्र चालवते, त्याले पकडून आणला दहावा म्हणून, पाच-पाच झाले.

फ्री थ्रो मोजले पळवून. शूटर दमल्यावर साफ गेला राजेहो, उभ्यानं पटापट टाकणारा माणूस, धाप लागली की बॉल रिंगले पोचेना. अन् खोखोवाला सगळ्याईच्या वर. ताई तुमाले कसं समजलं?

टेनिस बॉल भेटले नाहीत, दुकानात प्लास्टिकचे होते ते आणले. कबड्डीवाल्यानं पह्यले शिव्या घातल्या मले, मंग सरांनीच त्याले समजावलं, म्हणे कव्हरचा खेळाडू हातानं नाही पायानं खेळते हे मी तुले पह्यल्या वर्षापासून सांगून राह्यलो. म्हणजे सर उलटे खूश झाले.

अन् छोटे गेम लिहून ठेवले. दोस्त ज्या बाजूनं होता ती बाजू जास्त वेळा जिंकली, हे खरं निघालं. त्यानं किती टाकले कोणाच्या ध्यानात पण नाही. आता पंचाईत अशी की त्याले बेंचवर बसवायचं मनात पक्कं केलं होतं अन् वही वेगळंच सांगून राह्यली.

सध्या डोक्यात असं आहे, मी, हँडबॉलवाला, शूटर, कबड्डीवाला, व्हॉलीबॉलवाला. अन् सहावा दोस्त. शेवटच्या तीन मिनिटाले शूटरच्या जागी खोखोवाला, व्हॉलीबॉलवाल्याच्या जागी दोस्त. चुकते का काही?

नागपुरी_हूप्स

शेवटी व्हॉलीबॉलवाला काढला म्हणजे स्मॉल बॉलच झालं ना. मी तेच म्हणत होतो.

संत्रा_बागवाला

@नागपुरी_हूप्स हाव बाप्पा, तुहंच खरं.

कप्तान, पाच बरोबर वाटतात. दोन गोष्टी ध्यानात ठेव. तू अन् हँडबॉलवाला एकाच वक्ती बाहेर बसू नका, नाही तं त्याच मिनिटाले समोरचे परत प्रेस लावतीन, ते लोक बेंचवर नजर ठेवून असतात. दुसरं, समोरची टीम मागे असन तं शेवटी फाउल मुद्दाम करतीन, तवा बॉल खोखोवाल्याच्या हातात गेला पाह्यजे, हे पाचही जणाईले माहीत पाह्यजे, तुले एकट्याले नाही. आत फेकायचा पास कोण टाकीन अन् तो कुठून पळत येईन, एवढं एक ठरवून पाठ करून घ्या.

दोस्ताचं म्हणशीन तं वहीचं ऐक. त्याची सोंगणी होऊन तो पुरे दिवस प्रॅक्टिसले येत असन तं व्हॉलीबॉलवाल्याच्या अन् त्याच्या मधी मी समोरची टीम पाहून ठरवीन. त्याईचा सेंटर मोठा असन तं व्हॉलीबॉलवाला, नसन तं दोस्त. ड्रॉ निघाला की टाक इथं, पह्यली मॅच कोणासंगं आहे ते पाहू. अकोल्याच्या त्या दोन-तीन टीमा मले माहीत आहेत, कोण प्रेस करते कोण नाही सांगतो.

खारपाण_कप्तान

ड्रॉ सोमवारी निघणार म्हणते सर. टाकतो.

दोस्ताची सोंगणी झाली, पण आता मशीन भेटत नाही काढाले, गंजी लावून ठेवली आहे वावरात. पाऊस नाही आला तं शनिवारपासून रोज येतो म्हणते.